हिशेबात न धरलेले ठोके

आमचं मिरज संस्थान होतं तेव्हा त्याला थोरली पाती होती आणि धाकटी पाती होती. संस्थानं गेली, पाती राहिल्या. रोज संध्याकाळी तळ्याजवळच्या कट्ट्यावर आम्ही निवृत्त मंडळी जमतो, तिथं त्या अजून पाळल्या जातात. थोरली पाती बायपासवाल्यांची. शर्टाचं वरचं बटण सुटं असलं की छातीवरचा उभा व्रण दिसतो आणि शेजारचा मुकाट्यानं सरकून जागा देतो. त्यानंतर स्टेंटवाले. त्यांच्यातही एकवाला, दोनवाला, तीनवाला अशी मानमर्यादा आहे. पेसमेकरवाल्यांचं घराणं निराळं, ते कोणी विचारलं नाही तरी छातीवरचा उंचवटा दाखवून "मोबाइल या खिशात नाही ठेवायचा" असं सांगतात. नुसत्या बीपीवाल्यानं शेंगा सोलाव्यात आणि ऐकावं.

या उतरंडीत मला बसायला जागा मिळेना. पुण्याहून परत आल्यावर कट्ट्यावरच्या निवृत्त फौजदारांनी रीतसर जबाब घेतला.

"ब्लॉकेज किती टक्के?"

"ब्लॉकेज नव्हतं."

"मग स्टेंट?"

"नाही. ॲब्लेशन केलं."

"म्हणजे घातलं काय आत?"

"घातलं काहीच नाही. थोडं जाळलं."

"आणि त्याचे पैसे दिलेत?"

पुरावा म्हणून व्रण दाखवावा, तर तो उजव्या जांघेत, चष्मा लावून शोधावा लागेल इतका बारीक. कट्ट्यावर तो सादर करण्याची सोय नाही. फौजदारांनी माझी केस पुराव्याअभावी बंद केली.

दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे धड आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. मिनिटाला साडेतीनशेच्या वर इशारे त्यांत सैरावैरा धावत असतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक बारीकशी गाठ आहे, ती यातले बरेचसे अडवून धरते, म्हणून माणूस उभा राहू शकतो. ही गाठ सुनाओ तावारा या जपानी माणसानं जर्मनीत राहून शोधली आणि १९०६ साली जगापुढे मांडली. ठोका मुळात जिथून सुटतो ती दुसरी गाठ इंग्लंडात सापडली. आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांचा त्यावरचा निबंध १९०७ सालचा. कीथ बायकोबरोबर सायकलवर फेरफटका मारून घरी आले, तर हा पोरगा सूक्ष्मदर्शकाशी त्यांची वाट पाहत बसलेला. काचेखाली होतं मोल नावाच्या, बिळात राहणाऱ्या, आपल्या चिचुंद्रीच्या नात्यातल्या प्राण्याचं हृदय. तेव्हापासून मी अंगणातल्या चिचुंद्रीला काठी उगारत नाही.

माझ्या बाबतीत ठोका सोडणाऱ्या या गाठीचा कारभार दुसऱ्यांनीच हाती घेतला होता. ऑपरेशनच्या आधी, कोणी सुचवलं म्हणून, आम्ही एका वृद्ध वैद्यांना नाडी दाखवली होती. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चाली प्राण्यांवरून सांगितल्या आहेत. वाताची जळवेसारखी, सापासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. वैद्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "सगळेच येऊन जातायत." आणि हात सोडून, फी न घेता, "ईसीजी काढून घ्या," म्हणाले. इतकं अचूक निदान मला नंतर कुठल्याही छापील रिपोर्टात वाचायला मिळालं नाही.

पुण्याचे डॉक्टर मुलाच्या वयाचे. त्यांनी कागदावर हृदय काढलं आणि डाव्या वरच्या कप्प्यात चार गोल काढले. "फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांची ही तोंडं. गडबड बहुतेक वेळा इथून सुरू होते." हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं. तोवर सगळे कप्प्यात शोधत होते आणि चोर दारात उभा होता. आता जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या वर न्यायच्या, मधला पडदा टोचून डावीकडे शिरायचं आणि प्रत्येक तोंडाभोवती डागांचं कडं करायचं. डागलेल्या जागेतून वीज जात नाही, तेव्हा आतल्याची कितीही आरडाओरड चालली तरी ती बाहेर ऐकू येत नाही.

"काका, स्टेंट घालणारे प्लंबर," डॉक्टर म्हणाले, "मी वायरमन."

हे ऐकून बायको पुढे सरकून बसली. इतका वेळ तिला यातलं काही पटत नव्हतं, पण वायरमन या जातीचा तिला दांडगा अनुभव आहे. "एका खेपेत काम होतं का?"

"बऱ्याच जणांचं होतं. काहींना पुन्हा यावं लागतं."

खरं बोलणारा वायरमन तिनं पहिल्यांदाच पाहिला. होकार तिनंच देऊन टाकला.

प्रत्यक्ष ॲब्लेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. मी झोपलो होतो. जाग आल्यानंतरचे काही तास मात्र चांगले लक्षात आहेत. उताणं पडायचं आणि उजवा पाय सरळ ठेवायचा, कारण शिरेला पाडलेलं भोक बुजायला वेळ लागतो आणि रक्त पातळ करण्याची औषधं अंगात असतात. एरवी माझा उजवा गुडघा वाकावा म्हणून मी वर्षभर तेल चोळतो. वाकवू नका म्हटल्याबरोबर तो तरुण झाला. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन जांघ चेपून बघायच्या आणि "पाय, काका!" असं ओरडून जायच्या. पुढे बेडपॅनचा प्रसंग आला. त्याबद्दल एवढंच लिहितो की त्या क्षणी वॉर्डबॉयनं छताकडे पाहत क्रिकेटचा स्कोर सांगितला, आणि मी त्या पोराचा जन्माचा ऋणी आहे.

घरी आलो ते सूचनांचा कागद घेऊन. आठवडाभर ५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, ही त्यातली पहिली. लग्न झाल्यापासून गिरणीत दळणाचा डबा नेणं हे माझं खातं आहे. बायकोनं रद्दीवाल्याचा असतो तसला काटा शेजारून आणला आणि डबा टांगला. साडेसात भरले. तिनं अर्धे गहू काढून ठेवले, पुन्हा टांगला, चार भरले. "आता चालेल," म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तीच डबा घेऊन गेली आणि आल्यावर म्हणाली, "गिरणीवाला विचारत होता, घरात माणसं कमी झाली का?"

दुसरी सूचना खाण्याची. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला पाठीमागून अगदी चिकटून जाते, हे माझ्या आजवरच्या आयुष्यात मला कोणीही सांगितलं नव्हतं. आत डागताना तिला धग लागण्याचा थोडा धोका असतो. म्हणून काही आठवडे ॲसिडिटीची गोळी, सुरुवातीला मऊ खाणं, आणि पुढच्या दिवसांत ताप आला किंवा गिळताना दुखलं तर घरगुती उपाय न करता तडक फोन. हा शेवटचा मुद्दा डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केला होता, तो आम्ही गंमत न करता पाळला. मऊ भात, मेतकूट, तूप. भडंगाचा डबा फळीवर समोर दिसत होता. मिरज-सांगलीकडच्या माणसाला भडंगाशिवाय ठेवणं म्हणजे काय, हे बोर्दोच्या लोकांना कळणार नाही.

रक्त पातळ करण्याची गोळी चालूच होती. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा. म्हणून ॲब्लेशननंतरही निदान दोन-तीन महिने तिच्यात खंड नाही, आणि माझ्या वयाला बहुधा पुढेही नाही. समाचाराला आलेल्या एका व्याह्यांनी माहिती पुरवली की अशीच एक जुनी गोळी, वॉरफरिन, पहिल्यांदा विकायला आली ती उंदीर मारायला, १९४८ साली, अमेरिकेत. बातमी खरी आहे. काही वर्षांनी, १९५५ मध्ये, अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही तीच दिली होती. माझी गोळी वेगळ्या जातीची, पण बायकोनं त्या दिवसापासून माझ्या गोळ्यांची जागा धान्याच्या कपाटातून हलवली.

या गोळ्यांमुळे जांघेपाशी जो डाग उठला त्याचं वर्णन करायला चित्रकार हवा. आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि रंग बदलता बदलता तो मांडीवरून खाली गुडघ्याकडे उतरू लागला. रक्त आपलं उताराकडे जातं, यात घाबरण्यासारखं काही नाही, असं फोनवर समजलं. तरी रोज सकाळी आम्ही दोघं खिडकीशी उभं राहून तो कुठवर आला ते पाहायचो.

माझी नोकरी गेली लेखापरीक्षणात. ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत लोकांच्या वह्या तपासल्या, आक्षेप काढले, रुपयाचा फरक असला तरी खुलासा मागवला. अशा माणसाच्या मनगटावर मुलीनं ठोके मोजणारं घड्याळ बांधलं. मी वही घातली. तारीख, वेळ, ठोके, शेरा. पूर्वी नुसतं बसलेलं असताना साठ-बासष्ट असायचे, आता अठ्ठ्याहत्तर. मी खुलासा मागवला. उत्तर आलं की डागताना हृदयाला आवर घालणाऱ्या मज्जातंतूंनाही थोडा चटका बसतो, त्यामुळे काही महिने वेग वाढलेला राहतो. ठीक, आक्षेप वगळला. मग एका रात्री जुनीच धडधड परत आली. सगळे प्राणी एकदम. मी पहाटेपर्यंत नोंदी केल्या आणि दहा वाजायची वाट पाहून फोन लावला.

डॉक्टरांनी आधी चक्कर, छातीत दुखणं, धाप, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "चोवीस तासांवर टिकलं तर या. पण काका, पहिले दोन-तीन महिने आम्ही हे मोजत नाही. आतल्या जखमा भरतायत, हृदय चिडलेलं आहे. या काळात झालेलं हिशेबात धरायचं नाही."

मी फोन ठेवून कितीतरी वेळ तसाच बसलो. हिशेबात धरायचं नाही! पस्तीस वर्षांच्या सेवेत एकाही संस्थेला मी असं म्हटलेलं नाही. नवा सरपंच आला, नवा चिटणीस आला, ग्रामसेवक रजेवर होता, काहीही कारण असो, पहिल्या पावतीपासून हिशेब लागू. आणि इथं जगभरच्या हृदयतज्ज्ञांनी एकत्र बसून, लेखी, अशी सवलत देऊन टाकली होती. ही मुदत पूर्वी सरसकट तीन महिन्यांची होती, २०२४ साली त्यांनी ती आठ आठवड्यांवर आणली, हेही मला नंतर कळलं. म्हणजे त्यांच्याकडेही कोणीतरी ऑडिटवाला असणार.

मग मला तोच नाद लागला. ही सोय आणखी कुठं कुठं असायला हवी होती? नव्या सुनेला पहिले तीन महिने. निवृत्त झालेल्या माणसाला तर निश्चित. त्या काळात मी बायकोची मसाल्याची फळी वर्णानुक्रमे लावली होती. मंडईत जातानाचे आणि येतानाचे भाज्यांचे दर वहीत लिहून ठेवायचो. मी तिला विचारलं, "आपल्या लग्नानंतरचे पहिले तीन महिने तू हिशेबात धरलेस का?" ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून." आणि तिनं त्या दिवसाचा तपशील सांगितला.

तरीही त्या फोननंतर घरातली हवा बदलली. ठोका चुकला की मी छातीला हात लावायचो, ती चुलीकडूनच ओरडायची, "मोजत नाहीत!" घड्याळ एकदा बंद पडलं. त्याचा चार्जर मुलीकडेच राहिला होता, तो कुरिअरनं येईपर्यंत मी बरा आहे की नाही हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. त्या दिवसांत मी किराणा आणला, दाढी करून आलो, एका बारशाला जाऊन आलो. वहीत ती पानं कोरी आहेत. ऑडिटर म्हणून मला ती खुपतात.

कट्ट्यावर हळूहळू जाऊ लागलो. स्वतःच्या मेव्हण्यालाही डॉक्टरांनी "तसलंच काहीतरी जाळायचं" सांगितलंय असं कळल्यापासून फौजदारांनी माझ्याशी बोलताना आवाज उतरवला आहे. आता ते माझा उल्लेख "आपले विजेवाले" असा करतात. पेसमेकरवाल्याच्या शेजारी सध्या जागा मिळते.

मुदत संपल्यावर आमच्याच गावात छातीला होल्टर, म्हणजे ठोके नोंदणारं यंत्र, लावला. चोवीस तास तारा चिकटवून हिंडायचं, आंघोळ नाही. बरोबर एक कागद दिला, तीन रकान्यांचा: वेळ, काय करत होता, काय त्रास झाला. मी नेहमीच्या चोखपणे भरायला घेतला. 'सकाळी १० ते १२.३०: काही नाही.' 'दुपारी १: जेवण.' 'दुपारी १.३० ते ४: काही नाही.' बायकोनं चष्मा लावून तो वाचला.

"हे वाचून काय म्हणतील ते लोक? हा माणूस घरात कशाला हात लावत नाही का?"

तिनं पेन घेतलं, पहिल्या 'काही नाही'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'लसूण सोलला.' खाडाखोड झाली की शेजारी लघुस्वाक्षरी करावी लागते. मी केली.

दुसऱ्या दिवशी यंत्र काढणाऱ्या मुलीनं कागद पाहिला. "काकू, अडीच तास लसूण?"

"त्यांचा वेग तेवढाच आहे."

मुलीनं कॉम्प्युटरवर ती वेळ उघडली. मिनिटाला पासष्टच्या आसपास ठोके, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, पडदाभर. ती जरा वेळ बघत राहिली.

"काका, झोपला होतात का?"

मी कागदावरच्या लघुस्वाक्षरीवर बोट ठेवलं.