कार्पेट मामा

गेल्या उन्हाळ्यात मी घरामागं एक खोली बांधायला काढली. पाया खोदायला सुरुवात झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हजर. पायजमा, वर मुंबईचा बुशशर्ट आणि त्याच्या खिशात पाच मीटरचा पोलादी टेप. न विचारता त्यांनी टेपचं टोक गवंड्याच्या हातात दिलं, दुसरीकडं स्वतः उकिडवे बसले, आकडा वाचला आणि डोळे मिटून हिशोब केला.

"दहा बाय बारा. एकशेवीस कार्पेट. गोरेगावात तीस लाख झाले, गुरुजी."

"मामा, हे गोरेगावच आहे."

"ते गोरेगाव म्हणतोय मी."

गवंड्यानं थापी खाली ठेवली आणि माझ्याकडं एकदा आदरानं बघितलं. दुपारी त्यानं रोज शंभरानं वाढवून मागितला.

आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. ते गोरेगाव मुंबईत, पश्चिम रेल्वेवर. पण मामांच्या डोक्यात ही दोन्ही गावं एकाच सातबाऱ्यावर आहेत. 1984 साली ते सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले आणि चौतीस वर्षं मुंबईत राहिले. गेले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, परत आले तेव्हा हिंगोली. घर होतं तिथंच. मुंबईत कुणी "गाव कोणतं?" विचारलं की हे खरं तेच सांगायचे, "गोरेगाव." लगेच पुढचा प्रश्न यायचा, "ईस्ट की वेस्ट?" त्यावर मामांचं चौतीस वर्षांचं उत्तर एकच, "तालुका सेनगाव." समोरचा जरा गप्प व्हायचा. त्याला वाटायचं, फिल्मसिटीच्या मागं एखादा नवा प्रोजेक्ट आला असेल.

निवृत्त होऊन आले त्या वर्षी मारुतीच्या पारावर त्यांनी गावाला पहिलं व्याख्यान दिलं. विषय: कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप.

"कार्पेट म्हंजे सतरंजी ना, मामा?" एकानं विचारलं.

"बरोबर. सतरंजी जेवढी अंथरता येईल तेवढीच जागा तुमची. भिंत, जिना, लिफ्ट, वॉचमनची खुर्ची हे सगळ्यांचं. पण पूर्वी पैसे त्याचेबी घ्यायचे. आता 2017 पासून रेरा आलाय. बिल्डरला कार्पेटवरच भाव सांगावा लागतो."

"मंग पयले लोक लिफ्टमधीच का नव्हते राहत? पैसे तर दिलेले."

त्या दिवसापासून ते कार्पेट मामा.

मामांनी भाव सांगितला नाही अशी वस्तू गावात उरलेली नाही. शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचं सभागृह, पाण्याच्या टाकीखालची सावली, सगळं त्यांनी मोजलेलं आहे. शेजारी एकाचं घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमानं ते स्वयंपाकाच्या जागेसकट किमान पंचवीस चौरस मीटरचं हवं. मामांनी त्याचे फूट केले. दोनशे एकोणसत्तर. आणि ओट्यावर थाप मारून म्हणाले, "अरे, हे तर एसआरएचं घर!" मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात बरीच वर्षं नेमकी एवढीच जागा मिळायची, दोनशे एकोणसत्तर कार्पेट. अलीकडं ती तीनशे झाली. म्हणजे कुठल्यातरी टेबलावर गरिबाचं माप एकदा ठरलं ते ठरलं, मग तो गरीब आरेच्या कुशीत राहो नाहीतर कयाधूच्या काठाला. फरक पैशात. घरकुलाला योजनेचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. तेवढ्यात त्या गोरेगावात पाच फूटसुद्धा येत नाहीत. "पाच चौरस फूट म्हंजे किती हो?" घरकुलवाल्यानं भाबडेपणानं विचारलं. मामांनी त्याला अंगणात उभं केलं, भोवती खडूनं चौकोन आखला आणि म्हणाले, "हालू नको."

सगळ्यात गाजला तो सोयाबीनचा हिशोब. पंचवीस हजार रुपये फूट हा मामांचा पेटंट दर. खरा दर इमारतीगणिक बदलतो, पण हिशोबाला हा सोपा पडतो. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 च्या हंगामाला 5,328 रुपये क्विंटल होता. कोरडवाहूत एकरी सात क्विंटल धरले आणि हमीभाव खरोखर हातात पडला असंही धरलं (पारावर इथं सगळे हसले), तर एकराचे सदतीस हजार होतात. म्हणजे एक एकर सोयाबीन जवळजवळ दीड चौरस फूट. मामांची नि त्यांच्या भावाची मिळून आठ एकर. वर्षाला बारा फूट.

"तीन बाय चारची मोरी झाली," मामा म्हणाले.

"आन बी-बियाणं, फवारणी, मळणी?" भावानं विचारलं.

मामांनी पुन्हा डोळे मिटले. "मोरीतली बादली राहिली."

इथपर्यंत गावाला करमणूक होती. अडचण झाली ती बाजारात. मामा मेथीची जुडी उचलायचे, भाव विचारायचे आणि भाजीवालीलाच रागवायचे, "दहाला कशी परवडती तुला? दादरला चाळीसला घेतात अन् थँक्यू म्हणतात!" दोन बाजार तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या बाजाराला जुडी पंधराची झाली. शेवटी बायकांनी मामींना निरोप धाडला की मामांना बाजारात दिवस कलल्यावर पाठवत जा, आमचं घेऊन झाल्यावर.

मामा नुसता भाव सांगत नाहीत, भावाचं मूळही सांगतात, आणि मास्तर म्हणून मला कबूल केलं पाहिजे की ते चुकत नाहीत. मुंबईला तिन्ही बाजूंनी पाणी, म्हणजे वावर वाढवायचं तर एकाच अंगाला. त्यात 1947 चा भाडे कायदा. भाडी 1940 च्या आकड्यावर गोठली. मालकाला चाळ डागडुजी करणं नकोसं झालं, नवीन भाड्याची चाळ बांधणं तर त्याहून नकोसं, आणि पागडी नावाचा प्रकार बोकाळला. मग 1976 चा कमाल जमीन धारणा कायदा. मोकळी जमीन सरकारकडं यावी आणि गरिबाची घरं व्हावीत हा हेतू. "आली मूठभर, कोर्टात अडकली पोतंभर," हे मामांचं भाष्य. 2007 साली महाराष्ट्रानं तो कायदा सोडला, तरी भाव काही खाली आला नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या त्या बसल्याच, आणि जिथं भोंगा वाजायचा तिथं आता लिफ्टची घंटी वाजते. हे सगळं मामा कायदेमंडळात बसून आल्यासारखं सांगतात. खरं तर ते बाहेर स्टुलावर बसलेले असायचे. पण दार उघडं असायचं.

या सगळ्या कथेत एकाच नावाला ते हात जोडतात, मृणालताई गोरे. पाणीवाल्या बाई. त्या कमाल धारणा कायद्यातलीच जमीन भांडून मिळवून नागरी निवारा परिषदेनं गोरेगावच्या दिंडोशी भागात साध्या माणसांसाठी हजारो घरं उभी केली.

"मामा, मग तिथं तुम्ही अर्ज का नाही केला?" मी एकदा विचारलं.

"क्वार्टर होतं ना."

हे उत्तर ऐकण्यासारखं असतं. मुंबईत राहून आलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात एक न घेतलेलं घर असतं. मामांच्या पोटात तीन आहेत. 1991 ला नालासोपाऱ्यात ऐंशी हजाराला वन रूम किचन मिळत होतं, तेव्हा तिथं पाणी नव्हतं. पुढं कळव्याला मिळत होतं, तेव्हा बहिणीचं लग्न निघालं. विरारला तर टोकन द्यायला निघाले होते, लोकलमध्ये शिरता आलं नाही. आणि तिन्ही गोष्टींच्या शेवटी, "म्हटलं, क्वार्टर आहे ना." ते क्वार्टर वांद्रे पूर्वच्या शासकीय वसाहतीत होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, पावसाळ्यात भिंतीवर हिरवळ. चतुर्थ श्रेणी म्हणून साठीपर्यंत मिळालं. साठीला किल्ली परत केली आणि मामा हिंगोलीचे झाले. आता त्याच वसाहतीच्या जमिनीवर उच्च न्यायालयाचं नवं संकुल होणार आहे. मामांना याचं दुःख नाही, उलट जरा अभिमानच आहे. "मपली मोरी होती ना, गुरुजी, बरोबर तिथं न्यायमूर्ती बसणार."

म्हाडाचा अर्ज मात्र त्यांनी कधी चुकवला नाही. गावाकडं आल्यावरही नाही. सेतू केंद्रातल्या पोराला त्यांचा पॅन नंबर पाठ आहे. मुंबईत स्वतःच्या नावावर घर नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते मामा ज्या ठसक्यात करतात त्या ठसक्यात लोक मंगलाष्टकांना अक्षतासुद्धा टाकत नाहीत. 14 ऑगस्ट 2023 च्या सोडतीत 4,082 घरं होती, त्यात गोरेगावच्या पहाडीत साडेतीस लाखांच्या आसपासची पुष्कळ. मामांनी मोबाईल समोर ठेवून, देवाजवळ दिवा लावून थेट प्रक्षेपण बघितलं. लागलं नाही. त्याच सोडतीत ताडदेवचं साडेसात कोटींचं घर आपल्या मराठवाड्यातल्याच एका आमदाराला लागलं आणि परवडत नाही म्हणून त्यांनी ते सोडून दिलं, ही बातमी आली तेव्हा मामांना फार बरं वाटलं. "आमदाराला झेपलं नाही. आपलं तर लागलंच नाही. म्हंजे आपण फायद्यात."

मुलगा बदलापूरला असतो. गावात सांगताना मामा "मुंबईला" म्हणतात. भूगोलाचा मास्तर असल्यानं मी एकदा अडवलं, की बदलापूर ठाणे जिल्ह्यात येतं.

"जिथवर लोकल जाती तिथवर मुंबई."

"मग कसारापण मुंबईच?"

"भाव बघा तिथला, मंग बोला."

मुलानं पंचवीस वर्षांच्या कर्जावर तीनशे पंच्याऐंशी कार्पेट घेतलंय. म्हणजे घर त्याचं आणि बँकेचं असं जोडनावाचं आहे. आता हिंगोलीहून थेट जनशताब्दी सुटते, त्यामुळं मामा दिवाळीनंतर मोठ्या हौसेनं गेले. महिन्याचं सामान घेऊन गेले आणि सहाव्या दिवशी परत. पारावर सांगितलं, की वावर उघडं पडलंय. खरी हकीगत मामींनी सांगितली. हॉलमध्ये एक पलंग आहे, दिवसा त्याला सोफा म्हणतात. घरातला शेवटचा माणूस टीव्ही बंद करील तेव्हा तो पलंग होतो आणि पहाटे सून डबा करायला उठली की परत सोफा. मामांचे पाय चपलांच्या कपाटाखाली जायचे. रात्री कूस बदलायची तर आधी डाव्या अंगाची टीपॉय सरकवायची, ती सरकवली की स्वयंपाकघराचं दार उघडत नाही. चौथ्या रात्री मामा पाणी प्यायला उठले आणि सगळं घर उठलं.

इकडं गावात मामांचं सहा खणांचं माळवद, पुढं वसरी, मागं परसू, कडेला गोठा. आल्या आल्या त्यांनी तेही मोजलं होतं. सव्वीसशे फूट. पंचवीस हजारानं साडेसहा कोटी. अंगणात उभं राहून त्यांनी हा आकडा मामींना ओरडून सांगितला. मामी ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "मंग तेवढे साडेसहा कोटी झाडून घ्या. केर लई झालाय."

या साडेसहा कोटींत मामा झोपतात कुठं? वसरीच्या कोपऱ्यात, भिंत आणि कणगीच्या मधल्या बोळकांडीत, बाज आडवी लावून, पाय पोटाशी घेऊन. माळवदावर वारा सुटलेला असतो, अंगणात चांदणं पडलेलं असतं. मामी म्हणतात, मोकळ्यात त्यांना झोप येत नाही. भिंत हाताला लागावी लागते.

मागच्या महिन्यात गावात पांढऱ्या गाडीतून एक तरुण आला. गॉगल, दोन मोबाईल, प्लॉटिंगचा धंदा. रस्त्याकडची जमीन बघत फिरत होता. मामांचे दहा गुंठे रस्त्याला लागून आहेत, त्यामुळं कुणीतरी त्याला पारावर आणून बसवलं. आम्ही सगळे सरसावून बसलो. इतकी वर्षं मामा ज्याची वाट बघत होते तो माणूस आज समोर बसला होता. चहा आला.

"काका, सरळ बोलतो," तो म्हणाला. "एनए-बिनए सगळं आम्ही बघू. तुम्हाला फुटाला सातशे देतो."

मामांनी सवयीनं डोळे मिटले. गुंठ्याचे एक हजार एकोणनव्वद फूट. गुणिले सातशे. ओठ हलत होते. मग ओठ थांबले. डोळे उघडले तेव्हा चेहरा असा झाला होता, जसा कुणी गाईचा भाव किलोवर विचारला की होतो.

"फुटात नका बोलू."

"म्हणजे काका?"

"वावर आहे ते. आजा हळद लावायचा तिथं. वावर फुटात मोजतात का?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. त्या तरुणाला काही कळेना. त्यानं मोबाईलवर नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि मामांपुढं धरला.

"बरं, राहू द्या रेट. आधी जागा तर कन्फर्म करू. तुमचं ते रोडच्या ईस्टला येतं की वेस्टला?"

मामांनी बशीतला राहिलेला चहा संपवला, खिशातला टेप आत ढकलला आणि उठले.

"उगवतीला," म्हणाले. "तालुका सेनगाव."