कमाईचं कौतुक आवरा

बोरुसिया डॉर्टमुंडचा सामना लागला की समालोचक पहिल्या पंधरा मिनिटांत एक गोष्ट हमखास काढतात: व्यवहार शिकावा तर या क्लबकडून. मग कोणता खेळाडू केवढ्याला घेतला नि केवढ्याला विकला, याची उजळणी. देम्बेलेला 2016 मध्ये सुमारे दीड कोटी युरोंना आणला, वर्षभरात साडेदहा कोटींना बार्सिलोनाला दिला. हे ऐकून माझं डोकं उठतं. दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये सुमारे 25,000 माणसं उभ्यानं सामना बघतात, ती काय ताळेबंद वाचायला येतात?

पुतण्याला जर्सी घ्यायची तरी पंचाईत. पाठीवर ज्याचं नाव घालावं तो पुढच्या उन्हाळ्यात गेलेला असतो, म्हणून आम्ही बिननावाचीच घेतो.

विकण्याला माझा विरोध नाही. 2005 मध्ये हा क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. स्टेडियमचं नावसुद्धा एका विमा कंपनीला विकावं लागलं. असे दिवस काढलेल्यांनी हिशेब जपून करावा, हे पटतं. वेळेत विकलं नाही तर करार संपून खेळाडू फुकट जातो; लेवांडोवस्की 2014 मध्ये तसाच बायर्नला गेला. पण विक्रीलाच यश म्हणायला लागलं की मला राग येतो.

सांचो, हालांड आणि बेलिंगहॅम एका संघात होते तेव्हा, मे 2021 मध्ये, डॉर्टमुंडनं लाइपझिगला 4-1 हरवून जर्मन कप जिंकला. सांचोचे दोन गोल, हालांडचे दोन. त्याच उन्हाळ्यात सांचो साडेआठ कोटींना मँचेस्टर युनायटेडला गेला. पुढच्या वर्षी हालांड सिटीला. त्याच्या करारातच रक्कम ठरलेली होती, ती भरल्यावर क्लबचे हात बांधलेले होते, असं सांगतात. खरंय. पण त्या अटीवर क्लबनंच सही केली होती ना?

27 मे 2023 ला माइन्झला घरच्या मैदानावर हरवलं असतं तर अकरा वर्षांनी लीग मिळाली असती. हालरची पेनल्टी अडवली गेली, सामना 2-2 सुटला, तिकडे मुसियालानं 89व्या मिनिटाला गोल केला आणि बायर्न गोलफरकावर विजेते ठरले. दुखऱ्या गुडघ्यामुळे बेलिंगहॅम राखीव बाकावर बसून होता. काही आठवड्यांत तोही दहा कोटी तीस लाखांना रेआल माद्रिदला गेला, आणि लीग गेली तरी पैसे आले ना, असं म्हणत लोक माझी समजूत काढत होते.

वर्षभरानं वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, समोर तेच माद्रिद. पहिला अर्धा डाव डॉर्टमुंडचा. अडेयेमी एकटा गोलरक्षकासमोर पोचला, फुलक्रुगचा फटका खांबावर आदळला, गोल काही होईना. 74व्या मिनिटाला कार्वाहालनं हेडर मारला. 83व्या मिनिटाला माट्सनचा पास चुकला आणि चेंडू थेट बेलिंगहॅमच्या पायाशी गेला. त्यानं तो विनिसियसला दिला. खेळ खल्लास. माट्सन चेल्सीकडून उसना घेतलेला होता. त्या रात्री विंगवर सांचो होता, तोही युनायटेडकडून उसनाच.

2021 च्या कपनंतरच्या चार हंगामांत एकही मोठा करंडक आला नाही. समालोचकांनी खरेदी-विक्रीचे आकडे सांगताना हेही सांगावं. आणि क्लबला माझं म्हणणं एवढंच, की अशी तीन पोरं पुन्हा एकत्र जमली तर निदान एक उन्हाळा आलेले पैसे परत पाठवा.