अवयव पाडणारे आप्पा

नव्या माणसाचं आडनाव कळलं की मूळ गाव विचारल्याशिवाय काहींना चैन पडत नाही. आप्पांचं आकड्यांच्या बाबतीत तसंच. आकडा दिसला की त्याचे मूळ अवयव पाडलेच पाहिजेत. सकाळची ७.५३ची फास्ट डोळ्यांदेखत सुटली, तरी हा गृहस्थ ‘तीन गुणिले दोनशे एक्कावन्न’ म्हणत समाधानाने उभा. लग्नात आहेर १००१चाच. १०१ मुळी फुटतच नाही, ५०१ फुटते ती तीन आणि एकशे सदुसष्टात, त्यात काय मजा! १००१ म्हणजे सात, अकरा, तेरा. पाकिटावर नावाखाली तसं लिहितातही. एका वधुपित्याने तो लॉटरीचा नंबर समजून पाकीट जपून ठेवलं होतं.

आप्पा डोंबिवलीचे, हे आगीत तेल. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना त्यांच्या ‘डेम्लो संख्या’ सुचल्या त्या याच स्टेशनावर, जी.आय.पी. रेल्वेच्या काळात, नावही स्टेशनावरूनच दिलं. त्यामुळे फलाटावर कुणी नवखा सापडला की आप्पा सुरू होतात. नऊ वेळा एक लिहा, वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१! नवखा खूश होतो. लगेच आप्पा दटावतात, “रूपावर जाऊ नका, आत बघा. तीनचा चौथा घात, सदतीसचा वर्ग आणि ३३३६६७चा वर्ग.” एवढं ऐकून होईस्तोवर नवख्याचीही गाडी गेलेली असते.

त्यांचं दैवत मात्र अमेरिकन. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक, ही एकवीस आकडी संख्या मूळ नाही, हे ल्युकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८७६मध्येच दाखवलं होतं. पण अवयव? ते कुणालाच ठाऊक नाहीत. (भाग न पाडता भाग जातो हे कळतं कसं, असं आप्पांना चुकूनही विचारू नये. रात्रीचं जेवण तिथेच होतं.) १९०३मध्ये फ्रँक नेल्सन कोल न्यूयॉर्कच्या सभेत उठला आणि त्याने फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. उत्तर तंतोतंत जुळलं. म्हणतात, तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला, असं पुढे कुणी विचारल्यावर म्हणाला, तीन वर्षांचे रविवार. इथे आप्पांचा गळा दाटतो. काकू विचारतात, “आणि त्यांच्याकडे रविवारचं दळण कोण आणत होतं?”

हल्ली आप्पांची झोप उडवलीय ती दोनाच्या बाराशे सत्त्याहत्तराव्या घातातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येने. ३८५ आकडी. संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, पण आजवर एकही अवयव हाती लागलेला नाही. जगभरचे संगणक शोधून दमले. मूळ संख्येबद्दल आप्पांची तक्रार नसते, ती बिचारी सरळच सांगते की माझ्यात काही नाही. ही मात्र आत माणसं असून दार उघडत नाही! नातवाने संगणकावर काढून दिलेली ती संख्या त्यांनी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलीय. शर्ट काढताना एकदा तिच्याकडे रागाने बघतात.

त्यातून परवाची गोष्ट. गॅस सिलिंडरवाला दारात उभा, खांद्यावर सिलिंडर, हातात मोबाइल. “काका, कोड सांगा.” आप्पांनी मेसेज उघडला आणि चेहरा उजळला. १७६३! बेचाळीसच्या वर्गाला एक कमी, म्हणजे उत्तर समोरच!

“एकेचाळीस, त्रेचाळीस,” आप्पा म्हणाले.

त्याने ४१४३ दाबलं. कोड चुकीचा.

“अहो, गुणायचंय ते!”

आतून काकूंनी चुलीची काळजी न करता आधी मोबाइल काढून घेतला.