सेटिंगभाऊ

वर्ध्याच्या रामनगरपासून हिंगणघाट, आर्वी, पुलगावपर्यंत जिथे जिथे एक लॅपटॉप आणि बऱ्यापैकी इंटरनेट एकत्र नांदतं, तिथे सेटिंगभाऊ भेटतात. ते इंजिनीअर असतीलच असं नाही, पण लिनक्सवाले असतातच. विंडोजमध्ये मनासारखं काही बदलता येत नाही ही त्यांची जुनी तक्रार. त्यांच्या पडद्यावरच्या खिडक्या अर्धपारदर्शक असतात, त्यामुळे पुढचं धड वाचता येत नाही आणि मागचं धड लपत नाही. कोपऱ्यात कॉन्की नावाचा प्रोग्राम प्रोसेसरचं तापमान, मेमरी आणि नेटचा वेग सतत दाखवत असतो, आणि ते दाखवण्यासाठी थोडा प्रोसेसर स्वतःही खातो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, कूलरचं पाणी संपलेलं असतं, भाऊ घामाने निथळत असतात. पण त्यांचा जीव गुंतलेला असतो तो प्रोसेसरला ताप किती चढलाय यात. घरच्यांनी कधी चुकून या संगणकाला हात लावलाच, तर आईचा पहिला प्रश्न ठरलेला: “काहून रे, बंद करायचं साधं बटन नाही का याले?” बटण पसारा वाढवतं म्हणून भाऊंनी ते कधीच काढून टाकलेलं असतं. बंद करायला तीन कळा एकदम दाबाव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे सांगताना त्यांचा चेहरा मंत्रदीक्षा देणाऱ्या गुरूसारखा होतो.

अशा माणसाला हौशी म्हणून हसून सोडून देणं सोपं आहे, पण हौस हा त्यांचा दोष नव्हेच. २००६ साली लिनक्सच्या खिडक्यांना नाचवणारं कॉम्पिझ आलं, जेलीसारख्या थरथरणाऱ्या खिडक्या आणि गरागरा फिरणारा घन दिसला, तेव्हा भले भले तासन्‌तास नुसता घन फिरवत बसले होते. भाऊंचा खरा दोष वेगळाच आहे: डेस्कटॉपवरची कोणती वस्तू कोणत्या कामासाठी बसवली, हे त्यांना आता आठवत नाही. प्रत्येक बदल त्या त्या दिवशी शहाणपणाचाच होता. गोंधळ झाला तो बेरजेचा. त्यात निम्मी सेटिंगं दुसऱ्या कुणाच्या तरी फायलीतून जशीच्या तशी उचललेली. म्हणजे ज्याला ते ‘अगदी माझा स्वतःचा’ डेस्कटॉप म्हणतात, त्याचा अर्धा भाग परक्याच्या सवयींवर चालतो, आणि त्यातल्या कित्येक ओळींचा अर्थही भाऊंना लागत नाही.

हे उघडं पडतं ते सिस्टीम अपडेट झाली की. जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपचं प्रत्येक एक्स्टेन्शन आपण कोणत्या आवृत्तीवर चालतो हे लिहून देतं; आवृत्ती बदलली की त्यातली काही मुकाट बसतात. मग भाऊ रात्र जागवून एक दुरुस्त करतात, तर दुसरं रुसतं. दोष थीमचा, एक्स्टेन्शनचा की तीन वर्षांपूर्वी चिकटवलेल्या एखाद्या ओळीचा, ते ठरत नाही. एकेक बदल मागे घ्यावा म्हटलं तर ते केले कोणत्या क्रमाने याची नोंद नाही. अशा वेळी एकच मार्ग उरतो, आणि तो फार सोपा आहे. लिनक्समध्ये माणसाच्या आवडीनिवडी बहुतेक त्याच्या होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींत राहतात. त्याच संगणकावर नव्या युजरचं खातं उघडलं, की कोरा करकरीत डेस्कटॉप समोर येतो. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं, आजार सगळा आपल्या आवडींचा होता, हे भाऊंना पाच मिनिटांत कळतं. पचायला मात्र वेळ लागतो, कारण काल चार पोरांना लिनक्स शिकवणारा माणूस आज ‘सेटिंग्ज’ कुठे आहेत ते शोधत बसलेला असतो.

इथे कुणी म्हणेल, वर्ध्याचा लेखक, म्हणजे आता साधी राहणी शिकवणार. तसं नाही, उलट वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाचा दाखला नीट पाहिला तर तो साधेपणाच्या भाबड्या कल्पनेला छेद देतो. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले ते घराला शंभर रुपयांहून जास्त खर्च नको आणि सामान आसपासचंच हवं, या अटींवर. तरीही तिथल्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननी काढलेली उठावाची चित्रं आहेत. आश्रमात टेलिफोन होता, साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी चिमटा आणि पिंजरा होता. थोडक्यात, ते घर ‘डिफॉल्ट’ नव्हतंच, मालकाच्या गरजेप्रमाणे पुरेपूर बदललेलं होतं. फक्त तिथल्या प्रत्येक वस्तूला ‘तू इथे का?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. शेतात साप निघतात म्हणून पिंजरा. भाऊंच्या कॉन्कीला हाच प्रश्न विचारून बघा.

भाऊंचेही आक्षेप आहेत आणि ते दुबळे नाहीत. पहिला: मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे बदलण्याचं स्वातंत्र्य, ते का सोडायचं? सोडू नका; पण केलेला बदल मोडण्याची मुभाही त्याच स्वातंत्र्यात येते, आणि भाऊ ती कधी वापरत नाहीत. दुसरा: इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल. मेहनतीतून जे समजलं ते डोक्यात आहे, ते फायलीबरोबर पुसलं जात नाही. पुसलं जातं ते न समजता उचललेलं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: डिफॉल्ट तरी काय, दुसऱ्या कुणाची मर्जीच ना? खरं आहे. २०११ साली जीनोम ३ ने सगळी मांडणी बदलली तेव्हा खुद्द लिनस टॉरवाल्ड्‌स भडकले आणि एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर निघून गेले. पण पुढे ते जीनोमवर परतले, आणि खुपत होतं तेवढ्यापुरती एक्स्टेन्शनं घालून कामाला लागले. ज्याने लिनक्सचा गाभाच लिहिला त्याचं एवढ्यावर भागतं, तर महाडीबीटीवर सरकारी योजनेचा फॉर्म भरणाऱ्या घराचं भागायला हरकत नसावी. कोरा डेस्कटॉप परिपूर्ण असतो असा दावा इथे नाहीच. कोऱ्यावर आपल्याला नेमकं काय खुपतं ते कळतं, भरलेल्यावर कळत नाही, एवढाच त्याचा फायदा.

म्हणून सेटिंगभाऊंना एक विनंती. नवं खातं उघडा. जुन्या फायली उडवू नका, पण त्यांतून आयतं काही उचलूही नका. महिनाभर काहीही न बदलता काम करा आणि जे खरोखर अडेल तेवढंच वहीत लिहा. महिन्याने त्यातल्या ज्या गोष्टी रोज अडल्या तेवढ्या बदला, आणि बंद करायचं बटण आईला दिसेल असं ठेवा. वही मात्र कागदाचीच घ्या. नोंदींसाठी चांगलं अ‍ॅप कोणतं आणि त्याला कोणती थीम शोभेल हे बघायला बसलात, तर तुमच्यात काडीचा फरक पडलेला नाही असं समजा.