वारसाहक्काने मिळालेल्या सुट्टीबद्दल आभार

माननीय सभासद-स्नेह विभागास,



वडील जाऊन महिना व्हायच्या आत आपण आमची जी विचारपूस सुरू केलीत, तिच्याबद्दल आधी आभार मानतो. नातेवाईक तेराव्याचं जेवण आटोपून आपापल्या गावी गेले. आपण मात्र रोज फोन करता. बँकेने मृत्यूचा दाखला घेऊन खातं बंद केलं, गॅसवाल्याने कार्ड आईच्या नावावर करून दिलं. आपल्या दप्तरी मात्र वडील अजून हयात आहेत आणि 2034 पर्यंत राहतील. पंचवीस वर्षांचा करार आहे, मध्येच उठून जाता येतं होय?

वडिलांचं आपल्या हॉलिडे क्लबचं सभासदत्व रद्द करा म्हणायला मी फोन केला. "सर, रिक्वेस्ट मेंबरनेच टाकावी लागते." म्हटलं, मेंबर वारले. "ओह, सॉरी सर. व्हेरिफिकेशनसाठी ओटीपी त्यांच्या रजिस्टर्ड मोबाइलवर पाठवलाय, तेवढा सांगता का?" तो नंबर बंद केलाय. "मग आधी नंबर अपडेट करावा लागेल, सर." कसा? "जुन्या नंबरवर ओटीपी येईल." नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री बसला तेव्हा यमाने ओशाळून त्याला तीन वर तरी दिले. आपल्या दारात बसलं की थकबाकीचा हिशेब मिळतो.

तो हिशेबही वाचनीय आहे. वार्षिक वर्गणी दरवर्षी चढत जाणार, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, उशिरा भरली तर व्याज. गेलात तरी भरा, न गेलात तरी भरा. 2020 साली अख्खा देश दाराला कडी लावून बसला होता, तेव्हाचीही आहे. ही सगळी चुकती केल्याशिवाय बाहेर पडण्याचा अर्जच घेतला जात नाही, आणि बाहेर पडलं तरी भरलेल्या रकमेतलं काही परत नाही. हे जमत नसेल तर सोय आहे: हस्तांतर शुल्क भरून मी वडिलांच्या जागी 'कंटिन्यू' करावं.

बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, एवढ्या आधारावर मुलाकडून वसुली करता येणार नाही, असं हिंदू वारसा कायद्यात 2005 च्या दुरुस्तीने लिहून ठेवलं आहे. वारसाकडून काही निघालंच तर ते मयताच्या मालमत्तेपुरतं. आपल्या वसुली खात्यापर्यंत ही बातमी अजून पोचायची असेल.

बाकी तक्रारी किरकोळ. मे महिन्यात आणि दिवाळीत खोली कधी मिळाली नाही. जुलैत महाबळेश्वर मात्र म्हणाल तेव्हा मोकळं. सभासदत्व विकून देतो म्हणून फोन करणाऱ्या एका इसमाला आमचा सभासद क्रमांक आणि थकबाकी रुपयापर्यंत पाठ होती. 'पार्टी तयार आहे, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे टाका,' म्हणाला. त्याला ही माहिती स्वप्नात दिसली असावी.

वडिलांची फाइल काढून बसलो होतो. 2009 चा करार, मागच्या पानांवर मुंगीच्या अक्षरातल्या अटी. समासात लाल पेन्सिलीने ठिकठिकाणी वडिलांनी लिहिलंय: 'विचारणे.' वर्गणी किती वाढेल, विचारणे. मधेच सोडता येईल का, विचारणे. खाली त्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, प्रत्येकीला पोस्टाची पोचपावती टाचलेली. तुमचा शिक्का आहे त्या पावत्यांवर! म्हणजे पत्रं पोचली होती, कुणीतरी फोडून वाचली होती आणि एकालाही उत्तर दिलं नव्हतं. मॉलमध्ये कूपन भरून घेताना, 'काका, काकूंना घेऊन या हं, जोडीनेच यायचं,' म्हणून दोघांना हॉटेलात नेऊन तीन तास बसवायला तुमच्याकडे माणसं होती. 'आजच सही केली तर ही किंमत,' म्हणायला होती. एका निवृत्त माणसाच्या साध्या प्रश्नाला दोन ओळी लिहायला नव्हती. लाज वाटायला हवी होती.

करार परत करायची मुदत तुम्ही दहा दिवसांची ठेवली होती आणि तीत पैसे तुमच्याच खिशात. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशाप्रमाणे तिकडे ग्राहकाला चौदा दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे या धंद्याला वेगळा कायदाच नाही, त्यामुळे आपली सुट्टी बारमाही.

आता तुमच्याकडून फोनवर बोलणाऱ्या त्या मुलाबद्दल. परवा मी त्याच्यावर ओरडलो. तो छापील इंग्रजी म्हणत राहिला, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "दादा, कॉल रेकॉर्ड होतोय." ही सूचना मला नव्हती, भीती त्यालाच होती. मागे शंभर फोन एकदम बोलत होते. बोली मराठवाड्याकडची वाटली. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी टार्गेट भरलं नाही म्हणून वरच्याच्या खायच्या. त्याला तुम्ही किती देता हे विचारायचं राहून गेलं.

तुमच्या कराराप्रमाणे वाद फक्त तुमच्या शहरातल्या कोर्टात चालेल. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू देतो, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आईच्या आणि माझ्या सहीने तक्रार पुण्यात दाखल होत आहे. वडिलांच्या पत्रांच्या प्रती पोचपावत्यांसकट जोडल्या आहेत. तारीख लागली की त्या मुलाला पुढे करू नका. अटी ज्याने लिहिल्या त्याला पाठवा.

आपला,
मयत सभासदाचा मुलगा