आणा ती पिशवी इकडं!

नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकात मालेगावची गाडी फलाटाला लागते न लागते तोच हा माणूस दाराशी उगवतो. त्याचं स्वतःचं सामान म्हणाल तर एक रुमाल, तोही खिडकीतून आत टाकून जागा धरण्यात खर्ची पडलेला. त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि रिकामा हात याला सोसत नाही. एखाद्या मावशी तट्ट फुगलेली पिशवी घेऊन पायरीशी अडल्या, की "आणा इकडं" म्हणेपर्यंत पिशवी वर गेलेली असते. पाठोपाठ "दगड भरलेत का मावशी?" हे यायचंच. आभार ऐकायला तो थांबत नाही, पण शेरा मारल्याशिवाय हलतही नाही. माझं म्हणणं असं, की तो शेरा हीच त्याची हमाली, आणि एसटी वेळेवर सुटत असेल तर ती बरीचशी या स्वस्त हमालीच्या जोरावर. २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. सवलत तिकिटात मिळाली, पिशवीच्या वजनात नाही. पायऱ्या होत्या तेवढ्याच उंच राहिल्या, डोक्यावरची फळीही खाली आली नाही. कंडक्टरनं तिकिटं काढायची की गोणी उचलायच्या? चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगी गडाच्या गाड्यांना झुंबड उडते, तेव्हा म्हाताऱ्या, नारळाच्या पिशव्या आणि कडेवरची पोरं आत पोहोचतात ती काही शासन निर्णयानं नव्हे.

संशयी माणसं विचारतात, चोर निघाला तर? चोर अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडत चोरी करत नाही. शिवाय त्याची नजर हलक्या आणि मोलाच्या चिजेवर असते. हा नेमकी कांद्याची गोणी निवडतो. दुसरे म्हणतात, पिशवीच्या निमित्तानं हा रांग मोडून आत घुसतो. ज्याचा रुमाल आधीच खिडकीपाशी बसलाय, त्याला ही लबाडी करायची गरज काय? तो मिरवतो, हा आक्षेप मात्र कबूल. पण न मिरवणारे सज्जन तेव्हा मोबाइलमध्ये मान घालून उभे असतात, हेही लिहून ठेवावं.

त्याचा खरा दोष वेगळाच. एक पिशवी ठेवून त्याचं भागत नाही, "असं ठेवतात का सामान?" म्हणत तो सगळी फळी नव्याने लावतो. जड खाली, मऊ वर, बंद आत, चाकं भिंतीकडे. मग पिंपळगाव बसवंतला रुमाल झटकून उतरून जातो. चांदवडला मावशी उठतात, तेव्हा त्यांची पिशवी दोन बॅगांखाली अशी रुतलेली असते की बंद तुटेल पण ती हलायची नाही. कंडक्टर "लवकर, लवकर" करतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण बाह्या सरसावत येतो. "कोण शहाण्यानं कोंबलीय ही? सरका मावशी, तुम्हाला नाही जमायचं."