वापरकर्ता माउली

डिजिटल डिझाईनच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठ विद्यार्थ्याच्या हाती एक भयंकर वस्तू सोपवतं, ती म्हणजे स्वातंत्र्य. तोवर विषय ते देतात, तारीख ते देतात, चुकाही तेच काढतात. शेवटच्या सत्रात मात्र कोरा फॉर्म पुढ्यात सरकवून म्हणतात, विषय तुम्ही निवडा, वेळापत्रक तुम्ही आखा आणि यश कशाला म्हणायचं तेही तुम्हीच लिहून द्या. कागदोपत्री याला ‘स्वयंनिर्देशित प्रकल्प’ म्हणतात. आमच्या होस्टेलवर ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ म्हणायचे.

बाकीच्यांनी शहाणपणानं लहान विषय घेतले. एकीनं मेसचं मेन्यूकार्ड घेतलं, एकानं एसटीचं वेळापत्रक. मी पडलो पंढरपूरचा. ज्याच्या दारावरून दर आषाढीला लाखो माणसं जातात, तो मेन्यूकार्डावर समाधान मानेल होय? मी विषय लिहून दिला, ‘वारीत हरवलेली माणसं शोधून देणारं ॲप’. यशाच्या रकान्यात लिहिलं, ‘आषाढीला पंढरपुरात एकही माणूस हरवलेला राहणार नाही.’

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “एकही?”

“एकही.”

त्यांनी सही केली. सही करताना ते हसत होते. ते मला प्रोत्साहन वाटलं.

या विषयामागं माझा एक जुना राग होता. पंढरपुरात वाढलेल्या पोराच्या कानाला आषाढीत भोंग्याची सवय असते. अमुक गावच्या तमुक आजी, आपण जिथं असाल तिथून मदत केंद्राजवळ यावं, आपले मालक वाट पाहत आहेत. रात्रभर हेच. लहानपणी मी याच आवाजावर झोपायचो. डिझाईन शिकल्यावर त्याच आवाजानं झोप उडायला लागली. जग कुठं गेलं, आणि आपण अजून भोंग्यावर!

वेळापत्रकही मीच आखलं होतं. शेवटची चाचणी आषाढीला. सत्र मे महिन्यात संपतं आणि आषाढी जुलैत आहे, हे सरांनी दाखवून दिलं तेव्हा लक्षात आलं. मुदतवाढ मागायला गेलो, तर म्हणाले, “त्यापेक्षा पांडुरंगाला विचारून बघ, थोडी अलीकडं घेता येते का.” पण दिली.

काम जोरात सुरू झालं. म्हणजे मी फॉन्ट बघायला बसलो. र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ घ्यावा, तर तो विंडोजमुळं घरोघरी जाऊन बसलेला. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ दोन्ही देखणे. पण मला वेगळीच काळजी. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून निराळी, 2009 च्या शासन निर्णयानं ती ठरवूनही दिलेली. आणि फॉन्टला भाषा मराठी आहे हे नीट सांगितलं नाही, तर ल हिंदी वळणाचा येतो. दुसरा कुठलाही शब्द असता तर चालवून घेतलं असतं. इथं ‘विठ्ठल’ लिहायचं होतं! त्या एका ल पायी मी जितक्या रात्री जागलो, तितक्या एखाद्या कीर्तनकारानं जागवल्या नसतील. शेवटी आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्या काकांना स्क्रीन दाखवला. त्यांनी वाढदिवसाच्या फलकावरून मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “आधी अक्षर मोठं कर. म्हाताऱ्या माणसाजवळ चष्मा असतोय का कधी?” ही सूचना मी ‘अप्रशिक्षित अभिप्राय’ या फोल्डरमध्ये टाकली.

मग रंग. गोपीचंदनाचा पिवळट, तुळशीचा हिरवा, कुंकवाचा लाल आणि बुक्क्याचा काळा. आमचं दुकानच कुंकू-बुक्क्याचं, त्यामुळं नमुने घरचे. बुक्क्याची काळी छटा सहा अंकी-अक्षरी कोडात पकडली आणि अभिमानानं वडिलांपुढं लॅपटॉप धरला. ते बराच वेळ बघत राहिले. “रंग जमलाय. वास कुठाय?”

चैत्री वारीला मुलाखती घ्यायला निघालो. आमच्या खालच्या मजल्यावर आजोबांच्या काळापासून परभणीकडची एक दिंडी उतरते. त्यातले काही जण चैत्रीलाही येतात आणि मला लंगोटात बघितलेले असल्यामुळं मी संशोधक आहे हे कुणीच मनावर घेत नव्हतं. मी विचारलं, “बाबा, वारीत हरवल्यावर तुमच्या मनात कुठल्या भावना येतात?” म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट थांबवली. “पंढरीत माणूस हरवतोय कसा? पोचलाय की!” त्यानंतर त्यांनीच माझी मुलाखत घेतली. पगार किती मिळणार, लग्न कधी, हे शिक्षण सरकारी नोकरीत चालतं का. माझ्या वहीत फक्त माझीच उत्तरं होती.

तरी नोंदणीचा फॉर्म बनवला. पहिला रकाना नाव. चाचणीसाठी ‘विठ्ठल’ असा शोध घेतला आणि यादी संपेना. पांडुरंग, तुकाराम, ज्ञानोबा, रुक्मिणी, जनाबाई, सगळ्यांची तीच गत. दुसरा रकाना पोशाख. तिथं धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरं. तिसरा रकाना ओळखीची खूण, आणि त्यात प्रत्येकानं सांगितलं, गळ्यात तुळशीची माळ. मग नोंद पक्की करायला ओटीपी. तो जायचा थोरल्या लेकाच्या मोबाइलवर, परभणीला. लेक तिकडून फोन करून विचारायचा, “कुणी पैसे मागायलंय का तिथं?”

आषाढीला पालख्या जवळ आल्या तसा मी भंडीशेगावच्या तळावर गेलो, ‘सध्याच्या व्यवस्थेतल्या उणिवा’ हे प्रकरण लिहायला. संध्याकाळी माउलींच्या पालखीची समाज आरती होती. एवढा मोठा तळ, हजारो टाळ एकदम वाजत होते. चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळं गप्प. एका दिंडीचे टाळ तेवढे चालू राहिले. मला वाटलं, यांना दिसलं नसेल. शेजारच्या काकांनी सांगितलं, टाळ वाजत ठेवला म्हणजे त्या दिंडीची तक्रार आहे. चोपदार ती ऐकून घेतात, मगच तो टाळ थांबतो. मग दिवसभरात काय हरवलं, काय सापडलं, त्याचा पुकारा झाला. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास या पालखी सोहळ्याची घडी बसवली. माणूस शिंद्यांच्या पदरी सरदार, त्यामुळं शिस्त लष्करी. दिंड्यांना क्रमांक, रथापुढं 27 आणि बाकीच्या मागं. ‘रथामागं अमुक नंबर’ एवढं सांगितलं की वारकऱ्याचा पत्ता पुरा झाला. माझ्या फॉर्ममध्ये रकाने भरपूर होते. दिंडीचा नंबर विचारणारा एकही नव्हता.

उणिवांचं प्रकरण मी तिथंच आटोपतं घेतलं.

दशमीला आमच्या घरी दिंडी उतरली आणि मी ॲप दाखवायला काढलं. पहिल्या स्क्रीनवर विठ्ठलाचं उभं चित्र, कटेवर हात, खाली वीट, आणि विटेवर, अंगठा सहज पोचतो म्हणून, लाल बटण: ‘मी हरवलो आहे’. अंगठ्याची पोच हा आमच्या अभ्यासक्रमातला लाडका सिद्धांत. पहिल्या आजींनी फोन हातात घेतला, डोळे मिटले, विठ्ठलाच्या पायांना बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि फोन पुढच्या बाईंकडं दिला. त्यांनीही तेच केलं. बघता बघता ओसरीवर बारी लागली. मंदिरात पदस्पर्शासाठी तासन्‌तास उभं राहावं लागतं, इथं बसल्या जागी होत होता. शेजारच्या वाड्यातले वारकरीही आले. मी ओरडत होतो, “आजी, दाबू नका!” “दाबत न्हाई रे माउली, पाया पडतेय.” संध्याकाळी नोंदी उघडल्या तेव्हा माझ्या ओसरीवर बसून भजन करणारी अख्खी दिंडी हरवलेली होती. काही जण दोनदा हरवले होते.

एकादशीला खरी परीक्षा. मी लॅपटॉपची बॅग गळ्यात अडकवून वाळवंटात पुंडलिकाच्या देवळासमोर उभा राहिलो. मोबाइलच्या टॉवरनंही त्या दिवशी निर्जळी धरली होती. नेटवर्क नाही, फोन लागत नाही, बॅटरी संपत आलेली. मागून एक दिंडी आली आणि मी काय करतोय हे न विचारता मला सोबत घेऊन गेली. महाद्वार घाट, पुढं प्रदक्षिणा मार्ग, आमचं घर डाव्या हाताला दिसलं आणि मागं गेलं. थांबायला जागाच नव्हती. जन्मल्यापासून ज्या गावात राहतो, तिथं मी कुठं चाललोय हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. “प्रदक्षिणा मार्गावरील कुंकवाच्या दुकानदारांचे चिरंजीव, वय 22, अंगात काळा टी-शर्ट, गळ्यात कॉम्प्युटरची पिशवी, सकाळपासून फराळ केलेला नाही. आपण जिथं असाल तिथून मदत केंद्राजवळ यावं. आपली आजी वाट पाहत आहे.”

शेजारच्या वारकऱ्यानं मान वळवली. त्या पांढऱ्या गर्दीत काळा टी-शर्ट घातलेला मी एकटाच. “माउली, तुम्हीच न्हवं का ते?” त्यांनी पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला, आणि लोकांनी मला जवळपास उचलूनच केंद्रावर पोचवलं. आजीनं आधी राजगिऱ्याचा लाडू हातात दिला. मग म्हणाली, “आरं, दुसऱ्याला हुडकायला गेलतास न्हवं?”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यशाचा रकाना मोठ्यानं वाचला. विचारलं, “वापरकर्त्यांचा प्रतिसाद कसा होता?” मी खरं ते सांगितलं. “भक्तिभावाचा.” पास झालो. जास्तीत जास्त गुण फॉन्टच्या निवडीला मिळाले.

तर वाचकहो, पुढच्या आषाढीला घरातलं म्हातारं माणूस वारीला निघालं, तर त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा. दिंडीचा नंबर, रथापुढं की मागं, पंढरपुरात कुणाकडं उतरणार आणि घरचा फोन. पाऊस असतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आणि अक्षर मोठं काढा.